सात म्हणजे नापास?

ज्यांना लोकलच्या गोंगाटात माझा आवाज नीट ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा लेखी मजकूर. बोलताना मधेमधे येणारे 'म्हणजे कसं' आणि 'ॲक्च्युअली' गाळलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजचा विषय या आठवड्यात तुमच्या फोनवर एकदा तरी येऊन गेला असेल. वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा मुलगा काम संपवून दारात चपला घालताना थांबतो आणि जरा ओशाळून म्हणतो, "सर, एक मेसेज येईल. तेवढे दहा द्या. नऊपण चालतील, पण आठ नका देऊ." आपण हसून हो म्हणतो. पण आठ का नको? दहापैकी आठ मिळाले तर आपल्या घरी पेढे वाटले असते की!

याचं उत्तर मला माझ्या पहिल्या नोकरीत मिळालं. पुण्यात एक कस्टमर केअर सेंटर होतं. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, अशी शंभर सेंटर्स आहेत. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक सीनियर बाई बसायच्या. सगळा फ्लोअर त्यांना ताईच म्हणायचा. एका दुपारी त्यांना सातारकडच्या एका आजोबांचा फोन आला. बिल चुकीचं आलं होतं आणि आजोबांना ऐकूही कमी येत होतं. ताईंनी पाऊण तास न चिडता एकेक आकडा वाचून दाखवला, बिल दुरुस्त करून दिलं. शेवटी आजोबा म्हणाले, "पोरी, सुखी राहा." मग त्यांना फीडबॅकचा कॉल गेला आणि त्यांनी दिले सात.

आता आजोबांच्या बाजूने बघा. आपल्याकडे पस्तीसला पास, साठला फर्स्ट क्लास, पंच्याहत्तरला डिस्टिंक्शन. दहापैकी दहा फक्त गणिताला मिळतात, मराठीच्या पेपरात तर कुणालाच नाही. म्हणजे आजोबांनी ताईंना दणदणीत फर्स्ट क्लास दिला होता. आमच्या टीम लीडरच्या एक्सेल शीटमध्ये मात्र त्या कॉलसमोर पडलं शून्य. त्या महिन्याचा ताईंचा इन्सेन्टिव्ह गेला. ताई एवढंच म्हणाल्या, "आजोबांना कळलं तर वाईट वाटेल रे त्यांना."

हा हिशेब आला कुठून? २००३ च्या डिसेंबरमध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये फ्रेड रायकहेल्ड या अमेरिकन सल्लागाराचा एक लेख आला. त्याचं म्हणणं असं की लांबलचक सर्व्हे सोडा, एकच प्रश्न विचारा: आमची शिफारस मित्राला किंवा सहकाऱ्याला करण्याची शक्यता किती, शून्य ते दहा? नऊ-दहा देणारे तुमचे प्रचारक. सात-आठवाले तटस्थ. शून्य ते सहा देणारे सगळे निंदक. मग प्रचारकांच्या टक्केवारीतून निंदकांची टक्केवारी वजा करायची. यालाच म्हणतात नेट प्रमोटर स्कोअर. बोर्डरूममध्ये एक आकडा दाखवायचा आणि काम संपलं. कंपन्यांना हे आवडलं नसतं तरच नवल.

पण जरा गणित करू. दहा गिऱ्हाइकांनी प्रत्येकी आठ दिले, तर स्कोअर येतो शून्य. दहाही जणांनी सहा दिले, म्हणजे आपल्या भाषेत सगळा वर्ग फर्स्ट क्लासमध्ये, तर निकाल उणे शंभर! शिवाय तो प्रश्न होता कंपनीबद्दल, आणि मार्क कापले गेले फोन उचलणाऱ्या बाईचे. खुद्द रायकहेल्ड आणि सहकाऱ्यांनीही २०२१ मध्ये त्याच नियतकालिकात या पद्धतीच्या गैरवापराबद्दल तक्रार केली. तोवर दारात ओशाळून उभा राहणारा मुलगा तयार झाला होता.

तेव्हापासून मला फॉर्म वाचायचं वेड लागलं. प्रश्न विचारणाऱ्याने रेघ कुठे मारली, रेघेच्या बाहेर कोण राहिलं, हे बघायचं. या नजरेने जुन्या गोष्टी वाचल्या की मजा येते. कधीकधी भीतीही वाटते.

सगळ्यात गाजलेली गोष्ट १९३६ ची, अमेरिकेतली. लिटररी डायजेस्ट नावाचं मोठ्या खपाचं साप्ताहिक होतं. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी ते लोकांना टपालाने नकली मतपत्रिका पाठवायचं. नव्या वर्गणीदारांपर्यंत पोचण्याचाही तो रस्ता होता, म्हणजे सर्व्हेच्या पोटात धंदा होताच. आधीच्या निवडणुकांत त्यांचा विजेता बरोबर आला होता, त्यामुळे रुबाब मोठा. १९३६ मध्ये त्यांनी तब्बल १ कोटी पत्रिका पाठवल्या आणि सुमारे २३ लाख परत आल्या. एवढा मोठा नमुना! त्यावरून त्यांनी छापलं की रिपब्लिकन आल्फ लँडन आरामात जिंकणार. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. लँडनच्या वाट्याला आली मेन आणि व्हरमाँट, बस्स. १९३८ मध्ये ते साप्ताहिकच बंद पडलं.

कॉलेजमध्ये याचं कारण आपल्याला एका ओळीत शिकवतात: पत्ते घेतले टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून, आणि मंदीच्या काळात फोन-मोटार असलेला माणूस म्हणजे खाऊनपिऊन सुखी माणूस. हे खरंच आहे, पण अर्धं. पुढे १९८८ मध्ये पेव्हरिल स्क्वायर या अभ्यासकाने गॅलपच्या १९३७ च्या एका पाहणीचा आधार घेऊन हे पुन्हा तपासलं. त्यात दिसलं की ज्यांना पत्रिका मिळाली होती त्या सगळ्यांनी ती परत पाठवली असती, तर निदान जिंकणारा माणूस तरी बरोबर आला असता. म्हणजे यादी वाकडी होतीच, पण त्याहून मोठी गोष्ट, रूझवेल्टवाल्यांनी पत्रिका बाजूला टाकून दिली आणि रूझवेल्टवर चिडलेल्यांनी आवर्जून पोस्टात टाकली. घरातल्या टेबलावर पडून राहिलेल्या त्या पाऊण कोटींहून जास्त पत्रिका हाच खरा सर्व्हे होता, आणि तो कुणी मोजलाच नाही.

यावर तुम्ही म्हणाल, ठीक आहे, लोकांना विचारलं की गोंधळ होणारच, माणूस मूडी असतो. पिकाला कुठे मूड असतो? म्हणून आता थोडं आपल्या गावाकडे येऊ.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे नाव किती जणांनी ऐकलंय? जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. फर्ग्युसनमध्ये शिकले, पुढे लंडनला जाऊन संख्याशास्त्र केलं, नंतर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत मोठ्या पदावर गेले. १९४० च्या दशकात ते दिल्लीत शेती संशोधन परिषदेत होते आणि देशापुढे प्रश्न होता की नेमकं धान्य पिकतं किती? बंगालचा दुष्काळ १९४३ चा, म्हणजे हा कागदी प्रश्न नव्हता. चुकीच्या आकड्याची किंमत माणसं जिवाने मोजत होती.

त्यावरचा उपाय म्हणजे पीक कापणी प्रयोग. शेतकऱ्यांच्या घरातल्या मंडळींनी हा शब्द पीक विम्याच्या निमित्ताने ऐकला असेल. शेतात ठरवून दिलेल्या जागी एक तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं आणि त्यावरून तालुक्या-जिल्ह्याचं उत्पन्न काढायचं. आता हा तुकडा केवढा घ्यायचा? कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस, भारतीय संख्याशास्त्राचे पितामहच ते, छोट्या तुकड्यांच्या बाजूचे होते. छोटा तुकडा पटकन कापून होतो, जास्त ठिकाणी जाता येतं. सुखात्म्यांनी वेगवेगळ्या आकाराचे तुकडे कापून बघितले आणि १९४६ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं की तुकडा फार लहान घेतला की उत्पन्न फुगून दिसतं.

का? उत्तर इतकं साधं आहे की मला ते वाचून खुर्चीतून उठावंसं वाटलं. तुकड्याच्या काठावर जी रोपं येतात, ती आत धरायची की बाहेर? कापणारा माणूस बेइमान नसतो. पण दोरीवर आलेलं भरलेलं ताट दिसलं की हात आपसूक आत ओढतो. मोठ्या तुकड्यात हे खपून जातं. एक मीटरच्या चौकोनाला चार मीटर काठ असतो आणि क्षेत्रफळ एकच चौरस मीटर. दहा मीटरच्या चौकोनाला काठ चाळीस मीटर, पण क्षेत्रफळ शंभर. तुकडा जेवढा लहान तेवढा त्यात काठ जास्त, आणि चूक काठावरच होते. दोघांमध्ये यावरून बराच वाद झाला आणि दोघेही साधे गडी नव्हते. पण काठावरच्या ताटाचा मुद्दा सुखात्म्यांचा होता आणि तो टिकला.

आमच्या टीम लीडरच्या शीटमध्ये तेच चाललं होतं, फक्त उलट्या दिशेने. तिथे काठावरचं सगळं बाहेर.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती एका छापील पानाची गोष्ट आहे आणि मला छापील पानांचं विशेष प्रेम आहे. १९५० पासून आपल्याकडे नॅशनल सॅम्पल सर्व्हे होतो. कुटुंब महिन्याला कशावर किती खर्च करतं हे त्यातून कळतं आणि त्यावरून गरिबी मोजली जायची. वर्षानुवर्षं खाण्याच्या पदार्थांचा प्रश्न असायचा, गेल्या ३० दिवसांत किती? मग मुद्दा निघाला की ३० दिवसांचं कुणाला आठवतं, ७ दिवसांचं विचारा. वेगवेगळ्या कुटुंबांना दोन्ही पद्धतींनी विचारून बघितलं, तर ७ दिवसांच्या प्रश्नात खर्च जास्त निघायचा. इथवर ठीक होतं. १९९९-२००० च्या फेरीत मात्र एकाच कुटुंबाला दोन्ही प्रश्न विचारले गेले, शेजारशेजारच्या रकान्यांत.

आता तुम्ही स्वतः तिथे बसलाय असं समजा. एक बाई सांगतेय, आठवड्याला साखर एवढी. लगेच पुढचा प्रश्न, महिन्याला किती? ती काय आठवत बसणार आहे का? ती मनातल्या मनात चारने गुणणार. ती नाही गुणलं तर वही घेऊन बसलेला माणूस दोन आकडे जुळतात का बघणार, कारण वरचा साहेब विचारणार, हे असं कसं? दोन रकाने एकमेकांकडे बघून उत्तर द्यायला लागले. त्या फेरीवरून सरकारी आकडा आला की १९९३-९४ मध्ये सुमारे ३६ टक्के असलेली गरिबी आता २६ टक्क्यांवर आली. दहा टक्के म्हणजे किती कोटी माणसं, विचार करा. यातली किती खरोखर वर आली आणि किती रकान्यामुळे, यावर अर्थतज्ज्ञ पुढची अनेक वर्षं भांडले. अँगस डीटन, ज्यांना पुढे २०१५ चं नोबेल मिळालं, तेही त्या वादात होते. गरिबी कमी झाली होती हे बहुतेकांनी मान्य केलं, किती यावर एकमत झालं नाही. एका पानाच्या मांडणीमुळे!

हे सगळं मी एवढ्या तावातावाने सांगतोय, तर आता माझंही सांगतो.

दोन वर्षांनी मला फोनवरून काढून आतल्या टीममध्ये घेतलं. पहिलंच मोठं काम म्हणजे कर्मचारी समाधान सर्व्हे. ताईंच्या साताचा किस्सा ताजा होता, मला वाटलं आपण शहाणे, आपण नीट करू. शून्य ते दहा नको, आपण एक ते पाच घेऊ. ती पद्धत रेन्सिस लिकर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडलेली, 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत'. कार्ल मार्क्सने १८८० मध्ये फ्रेंच कामगारांसाठी जवळपास शंभर प्रश्नांची प्रश्नावली केली होती, तिच्या २५ हजार प्रती वाटल्या आणि उत्तरं आली अगदी मोजकी, हेही मी कुठेतरी वाचलेलं. म्हणून प्रश्न फक्त बारा ठेवले. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

त्यातला सातवा प्रश्न असा होता: 'कंपनीच्या सुरक्षित आणि वेळेवर मिळणाऱ्या कॅब सुविधेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?' वाचलंत? सुरक्षित आणि वेळेवर, हे मीच आधी ठरवून टाकलं होतं. शिवाय प्रश्न एक आणि गोष्टी दोन. वेळेवर येते पण सुरक्षित नाही, असं ज्याला म्हणायचंय त्याने काय करायचं? आणि फॉर्मच्या डोक्यावर पहिला रकाना एम्प्लॉयी आयडीचा. तो कशाला ठेवला होता? एकाच माणसाने दोनदा भरू नये म्हणून. खरंच, एवढंच कारण होतं.

कॅबच्या प्रश्नाची सरासरी चारच्या वर आली. मी हिरव्या रंगाचा बार काढला. तो वर गेला, मीटिंगमध्ये दाखवला गेला, आणि त्याच कॅबवाल्याचं कंत्राट पुढे चालू राहिलं.

काही आठवड्यांनी चहाच्या टपरीवर ताई भेटल्या. तोवर त्या नाइट शिफ्टला गेल्या होत्या. बोलता बोलता कळलं की पहाटे तीनला कॅब त्यांना मेन रोडला सोडते, कारण आत गल्लीत शिरलं की ड्रायव्हरचा राउंड लांबतो. तिथून घरापर्यंत त्या चालत जायच्या. हातात फोन, फोनवर नवरा, कुत्री मागे. रात्रीच्या आणखी तिघीचौघींचं तेच. मी म्हटलं, "अहो ताई, मग सर्व्हेत का नाही लिहिलंत?"

"तू विचारलंसच कुठे?" त्या म्हणाल्या. "मी चार दिले. वर माझा आयडी आहे. दोन दिले असते तर टीएलने बोलावून विचारलं असतं, काय प्रॉब्लेम आहे तुमचा? ते ऐकण्यापेक्षा चालणं परवडतं."

दिवसाच्या शिफ्टवाल्यांना कॅबची गरजच नव्हती, बरेच जण बाइकने यायचे. त्यांनीही त्या प्रश्नाला टिक मारली होती, कारण 'लागू नाही' असा पर्याय मी ठेवलाच नव्हता. त्यांचे चार आणि पाच ताईंच्या खऱ्या एकाला झाकून बसले. पाऊण कोटी न आलेल्या पत्रिका एकीकडे, आणि माझ्याकडे तर शंभर टक्के फॉर्म परत आलेले!

'विचारलंसच कुठे' हे वाक्य मी पुढे कोकाकोलाच्या गोष्टीतही वाचलं. वेगळ्या शब्दांत, पण तेच. १९८५ मध्ये त्यांनी जुनी चव बदलली. त्याआधी जवळपास २ लाख लोकांना चव घ्यायला लावली होती आणि नवी चव जास्त जणांना आवडली होती. नवी आवडली तर जुनी कायमची बंद होईल, चालेल का, हे मात्र त्या घोटाघोटांच्या चाचणीत नव्हतं. एप्रिलमध्ये नवी आणली, लोक भडकले, जुलैमध्ये ७९ दिवसांनी जुनी परत. कोकाकोलाचं काय, ते सावरले.

मग नीट विचारतात तरी कसं? शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना होता, टेलिफोनचं सामान बनवणारा. तिथले प्रकाशाचे आणि विश्रांतीच्या वेळांचे प्रयोग तुम्हाला बीबीए-एमबीएच्या पुस्तकात भेटले असतील. त्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग पुस्तकं दोन ओळींत उरकतात. १९२८ पासून तिथे कामगारांच्या मुलाखती सुरू झाल्या, एकूण २१ हजारांवर. सुरुवातीला मुलाखतकाराच्या हातात ठरलेले प्रश्न असायचे: सुपरवायझर कसा आहे, कामाची जागा कशी आहे, पगार कसा वाटतो. पण कामगार मधेच भलतंच काहीतरी बोलायला लागायचे. घरचं आजारपण, कर्ज, शेजारच्या बाकावरचा माणूस. मुलाखतकार त्यांना पुन्हा प्रश्नावर आणायचे, आणि माणूस गप्प व्हायचा. शेवटी त्यांनी यादीच बाजूला ठेवली. माणूस ज्यावर बोलतोय त्यावर बोलू द्यायचं, मधे तोडायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली. आता तो काही स्वर्ग नव्हता, मुलाखत घेणारा शेवटी मालकाचाच माणूस होता. पण भलतंच वाटणारं बोलणं हाच मुद्दा आहे, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यासाठी त्यांनी स्वतःचा फॉर्म फाडला. मला तेवढं जमलं नव्हतं.

टपरीवरून परत आल्यावर मी काय केलं? फार काही नाही. मॅनेजरना मेल लिहिला की कॅबच्या आकड्यात गडबड आहे, रात्रपाळीचं वेगळं बघायला हवं. उत्तर आलं, 'पुढच्या वर्षीच्या सर्व्हेत घेऊ.' दुसऱ्यांदा लिहायला मला पंधरा दिवस लागले. तोवर ताईंनी राजीनामा दिला होता. घराजवळच्या एका शाळेच्या ऑफिसात लागल्या, पगार कमी, पण दिवसाची नोकरी. जाताना एक्झिट फॉर्म भरावा लागतो. सोडण्याचं कारण, यादीतून एक निवडा: उच्च शिक्षण, चांगली संधी, स्थलांतर, वैयक्तिक. त्यांनी 'वैयक्तिक'वर टिक केलं. तो फॉर्म माझ्याच टेबलावर आला, आणि तोही मीच बनवलेला होता.

रात्रपाळीच्या कॅब दारापर्यंत जायला लागल्या त्या पुढच्या वर्षी, सर्व्हेमुळे नाही. एका मुलीचे वडील थेट गेटवर येऊन उभे राहिले म्हणून.

तर मंडळी, आजचा भाग इथेच. खाली ॲप तुम्हाला पाच तारे दाखवेल. तारे द्या न द्या, पण कमेंटमध्ये तुमच्या ऑफिसच्या फॉर्ममधला एक असा प्रश्न लिहा ज्याला खरं उत्तर देताच आलं नाही. कंपनीचं नाव नको. आणि ताई हा भाग ऐकत असतील, तर ताई, सात दिलेत तरी चालतील. मला कळेल.